पेटंटचा फॉर्म कोणीही भरेल, चतुःसीमा कोण लिहिणार?

पेटंटला वकील लागतो की नाही, यावर आपल्या मराठी उद्योजक मंडळींत सध्या जो वाद चाललाय तो ऐकून खरंच वैताग येतो. एक पार्टी म्हणते, सरकारी फी सोळाशे रुपये, फॉर्म ऑनलाइन, मग मधल्या माणसाला पन्नास हजार नाहीतर लाख कशाला मोजायचे, स्वतः भरा आणि मोकळे व्हा. दुसरी पार्टी म्हणते, वकिलाशिवाय एक पाऊल टाकाल तर बुडाल, आणि ही दुसरी पार्टी बऱ्याचदा स्वतःच ती सर्व्हिस विकत असते. दादरच्या हॉलमधला मेळावा असो नाहीतर लोकलमधल्या गप्पा, दोन्हीकडचे एक गोष्ट न बोलता धरून चालतात, ती म्हणजे पेटंट हा एक फॉर्म आहे आणि वाद फक्त तो कोणी भरायचा एवढाच आहे. माझं मत सरळ आहे. फॉर्म तुम्ही स्वतः भरा, भाच्याकडून भरून घ्या, काही बिघडत नाही. पैसे मोजायचे ते क्लेम, म्हणजे शोधातला नेमका कोणता भाग आपला हे सांगणारी वाक्यं, लिहून घेण्यासाठी, आणि क्लेम लिहिता येणारा माणूस पेटंट ऑफिसच्या रजिस्टरवर नाव असलेल्या प्रत्येकात सापडत नाही. त्यामुळं कोणाला लावायचा, त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं आणि सरकारनं आपला पैसा यात कुठं घालायचा, यावर बोलायला हवं, आणि नेमकं त्यावरच कोणी बोलत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडं पाट्यांवर 'पेटंट अटर्नी' असं झोकात लिहिलेलं असतं, पण १९७० च्या पेटंट कायद्याला ओळख आहे ती 'पेटंट एजंट'ची. भारताचा नागरिक, वय एकवीस पूर्ण, सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची पदवी, आणि पेटंट ऑफिसची परीक्षा पास (दोन पेपर आणि तोंडी, प्रत्येकात पन्नास टक्के आणि एकूण साठ), नाहीतर त्याच ऑफिसात अर्ज तपासणारा एक्झामिनर किंवा त्यावर निर्णय देणारा कंट्रोलर म्हणून दहा वर्षांची नोकरी. एलएलबीची अट नाही. ज्याच्याकडं वकिलीची सनदही आहे आणि एजंटचा नंबरही आहे तो स्वतःला अटर्नी म्हणवून घेतो, तेही चालतं. पण नुसती सनद असलेला, ट्रेडमार्क आणि भाडेकरार करणारा वकील 'पेटंटपण बघतो हो आम्ही' म्हणाला तर जरा थांबा, कारण मग तुमचं स्पेसिफिकेशन (शोधाचं वर्णन आणि क्लेम असलेला मूळ कागद) बहुतेक तिसराच कोणीतरी लिहिणार असतो आणि तो तुम्हाला कधी भेटणारही नसतो.

आता स्वतः फाइल करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते कमी नाहीये. कायदा अर्जदाराला स्वतः स्पेसिफिकेशन लिहायला आणि स्वतः सुनावणीला उभं राहायला पूर्ण मोकळीक देतो, कलम १३२ मध्ये ते स्पष्ट आहे. एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा छोट्या युनिटला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये, तपासणीच्या विनंतीची ४०००, बड्या कंपनीला हेच ८००० आणि २०,०००. म्हणजे सरकारनं दार खरंच उघडं ठेवलंय. इतिहासही त्यांच्या बाजूनं आहे, भारतातला पहिला पेटंट अर्ज १८५६ साली कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या सिव्हिल इंजिनिअरनं पंखा ओढायच्या यंत्रासाठी केला, त्याच्याआधी इथं अर्ज कोणी केलेलाच नव्हता तर अनुभवी एजंट कुठून आणणार होता तो! (गंमत म्हणजे पुढं त्याच्याच नावानं पेटंटची फर्म चालली.) शिवाय एजंटाची फी हा छोट्या माणसाला खरोखर डोंगर आहे, गाळ्याचं भाडं, कामगारांचा पगार, लाइट बिल भागवून जो माणूस रात्री मशीनवर प्रयोग करतोय त्याला 'आधी लाखभर काढा' सांगणं म्हणजे 'राहू द्या' सांगण्यासारखंच आहे. हे सगळं खरं. मग अडतं कुठं?

अडतं क्लेमपाशी. ज्यांनी कधी पेटंट वाचलेलं नाही त्यांना वाटतं की आपण शोधाचं छान वर्णन केलं, चित्रं जोडली, की तो शोध आपला झाला. तसं नसतं. वर्णनानं तुम्ही शोध लोकांपुढं उघडा करता आणि त्यातला कोणता तुकडा तुमचा हे शेवटी दिलेल्या क्लेमच्या वाक्यांवरून ठरतं. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असते ना, पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओढा, तसं. आत विहीर आहे, आंब्याची झाडं आहेत, आजोबांनी घाम गाळलाय, हे सगळं दस्तात कितीही रंगवून लिहिलं तरी चतुःसीमा चुकली की विहीर शेजाऱ्याची. बरं इथं तर चूक पुढं दुरुस्तही होत नाही, कारण कलम ५९ सांगतं की मूळ कागदात जे उघड केलेलं नाही ते दुरुस्तीच्या नावाखाली नंतर आत घेता येत नाही, आणि दुरुस्त केलेला क्लेम जुन्या क्लेमच्या हद्दीतच राहायला हवा. आत यायला परवानगी, बाहेर सरकायला नाही.

एक उदाहरण जवळून बघू. भांडुपला गाळ्यात लेथ चालवणाऱ्या माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी टाकीचा बॉलकॉक बनवला. जुन्या बिल्डिंगच्या टाकीत तळाशी गाळ बसतो, तो व्हॉल्व्हच्या सीटवर चढतो, बॉलकॉक नीट बंद होत नाही आणि पहाटे टाकी भरून गच्चीवर पाणी वाहतं, मग सेक्रेटरी आणि वॉचमन यांची जुंपते, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. यांच्या बॉलकॉकमध्ये गोळा वर येताना आतली एक पट्टी सीटवरून फिरते आणि गाळ खरवडून काढते. साधं, सुंदर काम. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः जो क्लेम लिहिला होता तो मी वाचलाय: नऊ इंची पितळी दांडा, त्याला स्टीलच्या दोन स्प्रिंगा, टोकाला रबरी वायसर आणि त्याच्या बाजूला खरवडायची पट्टी असलेला बॉलकॉक. एक शब्दही खोटा नव्हता, समोर टेबलावर ठेवलेला पीस हुबेहूब तसाच होता. आणि हे पेटंट मंजूर झालं असतं तर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात कोणीही प्लास्टिकचा दांडा आणि एकच स्प्रिंग टाकून तोच माल राजरोस विकला असता, यांना कोर्टात तोंड उघडायची सोय नव्हती.

नशिबानं अर्ज टाकायच्या आधी ते एका मेकॅनिकल शिकलेल्या एजंटबाईंकडं गेले. त्यांनी पहिल्या बैठकीत एकही फॉर्म काढला नाही, नुसते प्रश्न विचारले. दांडा प्लास्टिकचा केला तर चालेल का? स्प्रिंग काढूनच टाकली तर? पट्टीऐवजी ब्रश लावला तर? गोळ्याऐवजी डबा तरंगवला तर? काका प्रत्येक वेळी म्हणत होते, 'चालेल, पण मी तसं केलेलं नाही.' शेवटी शिल्लक राहिलं ते एवढंच की तरंगणाऱ्या भागाच्या हालचालीच्याच जोरावर, वेगळी मोटर किंवा हात न लावता, सीटवरचा गाळ निघतो. तो मुख्य क्लेम झाला, दांडा, स्प्रिंगा, पट्टी हे सगळं त्याच्याखालच्या छोट्या क्लेममध्ये गेलं. मग असं आधी कोणी केलंय का ते धुंडाळलं तेव्हा याच्या जवळ जाणारा एक जुना परदेशी व्हॉल्व्ह सापडला, म्हणून मुख्य क्लेम थोडा आत ओढावा लागला. काका हिरमुसले, पण हेच काम एक्झामिनरनं दोन वर्षांनी केलं असतं तर जास्त हिरमुसले असते. आता सांगा, यातलं कुठलं काम फॉर्म भरण्याचं होतं?

राइट बंधूंची गोष्ट आपण विमानासाठी सांगतो, ती पेटंटसाठीही सांगायला हवी. मार्च १९०३ मध्ये, म्हणजे ते डिसेंबरचं प्रसिद्ध उड्डाण व्हायच्या कितीतरी आधी, त्यांनी अर्ज स्वतः लिहून पाठवला. यंत्र स्वतः बनवलेलं, गणित स्वतः केलेलं, त्यांच्याइतकं ते कळणारा माणूस जगात दुसरा नव्हता. तरी अमेरिकेच्या पेटंट ऑफिसनं अर्ज नाकारला आणि जाणता पेटंट वकील लावा असा सल्लाही दिला. १९०४ मध्ये ते ओहायोतल्या स्प्रिंगफील्डच्या हॅरी टूल्मिन या पेटंट वकिलाकडं गेले. टूल्मिननं हवेत यंत्राचा तोल सांभाळायची पद्धत हाच शोध म्हणून मांडला, पंखांच्या दोन टोकांचे कोन वेगवेगळे बदलता येणं, आणि तेही एखाद्याच ठराविक यंत्रणेपुरतं बांधून न ठेवता. पेटंट २२ मे १९०६ ला मिळालं. राइट बंधू पंख पिळायचे, पुढं ग्लेन कर्टिस या दुसऱ्या विमान बनवणाऱ्यानं पंख न पिळता त्याला वेगळी हलणारी फळी लावली आणि म्हणाला, माझं वेगळं आहे. १९१४ साली अपील कोर्टानं सांगितलं, वेगळं नाही, हेही त्यांच्याच क्लेममध्ये येतं. पितळी दांड्याच्या जागी प्लास्टिकचा दांडा, दुसरं काय! विमान बनवणाऱ्या माणसांना आपल्याच विमानाची हद्द लिहिता आली नाही, याला त्यांचा कमीपणा म्हणायचं का? मला तर वाटतं शोधकाला ते जमणं मुळातच अवघड असतं, कारण तो त्या एका पीसच्या प्रेमात असतो, आणि क्लेम लिहायला त्या पीसला विसरावं लागतं.

इथं विरोधी पार्टीचा सगळ्यात जड मुद्दा येतो. ठीक आहे, म्हणतात, पण टूल्मिन मिळतो कुठं? इथले एजंट पैसे घेतात, जुनी फाइल उघडून नावं बदलतात, ज्युनियरकडून लिहून घेतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. हे पण खरं आहे, आणि मी ते झाकणार नाही. २०२४ साली दिल्ली हायकोर्टासमोर शिलाई मशीनच्या एका अर्जाचं प्रकरण आलं होतं, पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आलेला, उत्तराची मुदत गेली आणि अर्ज सोडून दिला असं समजलं गेलं, एजंटनं काही कळवलंच नाही अशी अर्जदाराची तक्रार होती. कोर्टानं अर्ज परत जिवंत केला आणि वर पेटंट ऑफिसला सांगितलं की एजंट लोकांसाठी आचारसंहिता बनवा. म्हणजे बघा, १९७० चा कायदा १९७२ ला अमलात आला आणि एजंटनं अशिलाशी कसं वागावं याचे नियम करायला कोर्टाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडं जाता येतं, नुसत्या एजंटसाठी तशी वेगळी संस्था नाही, गैरवर्तन केलं तर कंट्रोलर त्याचं नाव रजिस्टरवरून काढू शकतो एवढंच. अजून एक, वकिलाशी केलेलं बोलणं गुप्त ठेवायचं संरक्षण कायद्यात आहे, सनद नसलेल्या एजंटबद्दल तसं स्पष्ट काही नाही, म्हणून गुप्ततेचं आधी लिहून घ्या, लाजू नका.

आणि क्वालिफाइड माणसाकडून सुद्धा दगा होतो तो वेगळाच. अमेरिकेत २००४ साली एका पिठाच्या पदार्थाच्या पेटंटचा निकाल लागला. क्लेममध्ये लिहिलं होतं की पीठ ४०० ते ८५० फॅरनहाइटपर्यंत तापवायचं, लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच ओव्हन त्या तापमानाला ठेवायचा असं होतं, कारण पीठच तेवढं तापलं तर कोळसा होईल. कोर्ट म्हणालं, होऊ दे कोळसा, जे लिहिलंय तेच आम्ही वाचणार. संपलं पेटंट. यावरून आमची स्वतः-करा पार्टी निष्कर्ष काढते की मग वकील लावून तरी काय उपयोग. पण नीट बघा, व्यावसायिक माणसानं लिहिलेल्या क्लेममध्ये एका बारीक शब्दावर एवढा अनर्थ होतो, तर पहिल्यांदाच लिहिणाऱ्यानं ते एकट्यानं रात्री जागून करावं हा त्यातून निघणारा निष्कर्ष आहे का? मला तर उलटंच दिसतं. रजिस्टरवरचा नंबर म्हणजे प्रवेश परीक्षा पास, एवढंच. त्यापुढची पारख आपल्याला करायची असते.

ही पारख अवघड का झालीय त्याला कारण आहे आणि ते एजंटांच्या लोभापेक्षा जुनं आहे. २००५ पर्यंत आपल्याकडं औषधं आणि खाद्यपदार्थांना प्रॉडक्ट पेटंटच नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं, आणि अगदी अलीकडेपर्यंत भारतात येणाऱ्या अर्जांत निम्म्याहून जास्त अर्ज बाहेरच्या कंपन्यांचे असायचे. ते स्पेसिफिकेशन म्युनिकला, टोकियोला नाहीतर न्यूयॉर्कला लिहून तयार होऊन यायचं, इथल्या फर्मनं ते दाखल करायचं, मुदती सांभाळायच्या, कंट्रोलरच्या हरकतींना उत्तरं द्यायची. त्यात इथले लोक तरबेज झाले, उगाच नावं ठेवू नयेत. पण कोऱ्या कागदावर, समोर ग्रीसनं हात माखलेला माणूस बसलाय आणि त्याच्या तोंडून शोध बाहेर काढायचाय, हे काम करायची वेळ फार थोड्यांवर आली. ती विद्या पुस्तकातून येत नाही, अनुभवी माणसाच्या हाताखाली दहा-वीस ड्राफ्ट लाल करून घेतल्यावर येते. आता देशी अर्ज अचानक वाढलेत, आणि ड्राफ्ट लिहिणारे त्या वेगानं वाढलेले नाहीत. मग टेम्प्लेट येणारच.

तरी माणूस शोधता येतो, आणि यात आपल्याकडं एक सोय आहे जी कोणीच वापरत नाही. लग्न जुळवताना चार घरी चौकशी करणारे आपण, इथं मात्र 'मित्राच्या ओळखीचा आहे' एवढ्यावर सही करून मोकळे होतो. अरे, एजंटचं जुनं काम फुकट वाचायला मिळतं! पेटंट ऑफिसच्या साइटवर एजंटांचं रजिस्टर आहे, त्याचा नंबर खरा की खोटा तिथं कळतो. आणि त्याला विचारा, तुम्ही लिहिलेल्या, मंजूर झालेल्या दोन-तीन अर्जांचे नंबर द्या. प्रसिद्ध झालेल्या अर्जाची अख्खी फाइल ऑनलाइन दिसते, सुरुवातीचे क्लेम, एक्झामिनरच्या हरकती, एजंटचं उत्तर, शेवटी उरलेले क्लेम. सुरुवातीचा पहिला क्लेम चार ओळींचा आणि मंजूर झालेला दीड पानाचा, जगातला प्रत्येक नट-बोल्ट आत कोंबलेला, असं दिसलं तर समजा की पेटंट हातात आलं पण हद्द गेली. प्रत्येक वेळी एजंटचाच दोष असतो असं नाही, कधी शोधातच दम नसतो, पण तीन फाइलींत तीनदा तेच दिसलं तर काय ते समजून घ्या. नंबर द्यायलाच जो टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल बोलायलाच नको. कायद्याला एजंटची पदवी कुठल्या विषयातली याच्याशी देणंघेणं नाही, बायोटेकवाला तुमचा गिअरबॉक्स लिहू शकतो, पण तुम्ही विचारा. ड्राफ्ट प्रत्यक्ष कोण लिहिणार ते विचारा. तपासणी अहवालाच्या उत्तराची फी आत आहे की वेगळी ते विचारा, कारण स्वस्तातलं पॅकेज तिथंच महाग होतं. आणि आधीची पेटंटं न धुंडाळताच 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यापेक्षा 'याचं पेटंट होणार नाही, डिझाइन (म्हणजे नुसतं बाहेरचं रूप) नोंदवा' असं तोंडावर सांगणारा बरा, त्यानं तुमचे पैसे वाचवले आणि स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं. हे सगळं करायचं ते माल बाजारात आणायच्या किंवा प्रदर्शनात मांडायच्या आधी, कारण आपल्याकडं प्रदर्शनाची सवलत फक्त सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना आहे, तुमच्या विभागातल्या ग्राहक पेठेला नाही.

'तेवढ्या वेळात प्रोव्हिजनल (पूर्ण अर्जाच्या आधीचा तात्पुरता अर्ज) तरी स्वतः टाकतो' असं बरेच जण म्हणतात. टाका, पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात, आधी कोण आला हे ठरवणारी तारीख मिळते. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती तारीख प्रोव्हिजनलमध्ये जे खरोखर उघड केलंय त्यालाच मिळते, दीड पानाच्या प्रोव्हिजनलला दीड पानाचीच तारीख. हल्ली एआयकडून लिहून घेणारेही भेटतात. भाषा सफाईदार येते, पण 'स्प्रिंग काढली तर?' हा प्रश्न काकांना कोण विचारणार, आणि दाखल न केलेला शोध कुठल्या तरी फुकट साइटवर चिकटवायचा ही काय अक्कल आहे ते मला तरी कळत नाही.

अजून एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. छोट्या माणसाला चांगलं पेटंट मिळालं तरी तो लढणार कशाच्या जोरावर? बजाज आणि टीव्हीएस यांचा दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून वाद २००७ ला पेटला, २००८ ला मद्रास हायकोर्टानं टीव्हीएसला मनाई केली, २००९ ला खंडपीठानं ती उठवली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं, आणि दोघांनी आपसांत मिटवलं ते २०१९ मध्ये. बारा वर्षं. आणि भांडण कशावर, तर दोन व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी लिहिलेला क्लेम तीन व्हॉल्व्हच्या इंजिनाला लागतो का! हे हत्ती झाले, भांडुपच्या गाळ्याचं काय? मुंबईत जन्मलेले शोधक शंकर आबाजी भिसे घ्या, दोनशेच्या आसपास शोध, चाळीसच्या आसपास पेटंटं, दादाभाई नौरोजींसारख्यांचा पाठिंबा, सर रतन टाटांचा पैसा, तरी छपाईच्या यंत्रांवरून त्यांना लंडन, मुंबई, न्यूयॉर्क असं भांडवलामागं फिरावं लागलं. पेटंट पोटाला भाकरी देत नाही, मान्य. पण छोटा माणूस कोर्टात जातच नसतो, तो लायसन द्यायला किंवा विकायला जातो, आणि समोरच्या कंपनीचा वकील सगळ्यात आधी काय वाचतो? पहिला क्लेम. त्याच्या बाजूनं निसटता येतंय हे पाच मिनिटांत दिसलं की बोलणी चहावरच संपतात. म्हणजे लढायला पैसा नाही त्याला तर क्लेम जास्तच घट्ट लागतो, मोठी कंपनी शंभर कच्च्या पेटंटांच्या ओझ्यानं समोरच्याला घाबरवू शकते, याच्याकडं एकच आहे.

आता सरकारचं आणि कॉलेजांचं. आपल्याकडं सगळा हिशोब संख्येचा झालाय. २०२३-२४ मध्ये एक लाखाच्या वर पेटंटं मंजूर झाली याची भाषणं झाली, त्यांतल्या किती पेटंटांचे क्लेम शाबूत आहेत हे कोणी विचारलं का? कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रसिद्ध झालेल्या पेटंट अर्जांनाही गुण आहेत. आणि प्रसिद्ध होणं म्हणजे काहीच नाही, प्रत्येक अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, घाई असेल तर फॉर्म ९ भरा, शैक्षणिक संस्थेला २५०० रुपये, साधारण महिन्याभरात नाव पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये. मग गेटवर फ्लेक्स लागतो, 'आमच्या प्राध्यापकांना पेटंट!' अर्ज तपासलासुद्धा गेलेला नसतो. या धंद्यावर जगणारे एजंट तयार झालेत, एकेका अर्जावर आठ-आठ शोधक, काहींनी ते यंत्र पाहिलेलंही नसतं. याच मंडळींकडं बघून आपण ठरवतो की पेटंट एजंट म्हणजे फॉर्म भरणारा! स्टार्टअपसाठी २०१६ पासून योजना आहे, नेमलेल्या एजंटची फी सरकार देतं, हेतू उत्तम. पण ती ठराविक रक्कम, अर्ज दाखल केला की एक भाग, निकाल लागला की दुसरा. क्लेम किती रुंद राहिला याच्याशी त्या पैशाचा काही संबंध नाही, मग जो माणूस तीन बैठका घेऊन चाळीस प्रश्न विचारतो त्याला ते परवडत नाही आणि जो दुपारी चारला फाइल उघडून साडेपाचला दाखल करतो त्याला परवडतं.

माझं म्हणणं, फी अजून कमी करून काही होणार नाही, सोळाशेची आठशे केली तरी भांडुपच्या काकांचा पितळी दांडा तसाच राहील. अमेरिकेनं २०११ च्या कायद्यात गरजू शोधकांना फुकट पेटंट वकील मिळवून देण्याची सोय घातली, लॉ कॉलेजांचे क्लिनिक चालतात जिथं विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या नजरेखाली खरे अर्ज लिहितात. मुंबईत याला काय कमी आहे? पेटंट ऑफिस अँटॉप हिलला, व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंगचं आणि आयसीटी हे केमिकलचं कॉलेज दोन्ही माटुंग्याला, टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, लॉ कॉलेज चर्चगेटला. निवृत्त एक्झामिनर याच शहरात राहतात. परीक्षा पास होऊन हाताखाली घेणारा कोणी न मिळालेली पोरं आहेत, त्यांना खरे ड्राफ्ट लिहायला हवेत, आणि साकीनाक्यापासून अंबरनाथपर्यंत गाळेवाल्यांना ड्राफ्ट लिहून घ्यायला हवेत. शनिवारी एक वर्ग उघडा ठेवा, तासभर प्रश्न विचारा, ज्याचं पेटंट होणार नाही त्याला तसं सांगून घरी पाठवा. यावर मला मिळालेलं उत्तर असं की परक्या माणसाच्या शोधासाठी काम केलं तर कॉलेजला क्रमवारीत त्याचे गुण मिळत नाहीत. नाहीच मिळत. मग गुण कशाला द्यायचे ते ठरवणारे दिल्लीत बसलेत, त्यांना एवढंच विचारा की फॉर्म ९ च्या पावतीला गुण आहेत तर बाहेरच्या माणसाच्या मंजूर झालेल्या क्लेमला का नाहीत.